तुम्ही काल यायला हवं होतं

कार्यक्रम ऐकून आलेल्या माणसाला "कसं झालं?" असं सहज म्हणूनसुद्धा विचारू नये. आपण गेलो नसलो तर तो डोळे मिटून म्हणतो, "असं पुन्हा होणे नाही." आपणही गेलो असलो तर म्हणतो, "झालं की बरं. पण तुम्ही काल यायला हवं होतं." दोन्ही उत्तरांतून कळायचं ते एकच कळतं: आपलं काहीतरी हुकलंय आणि त्याचं हुकलेलं नाही. ही विद्या सदाशिव पेठेत उगम पावली असं मी आजही मानतो. मात्र तिची एक जोमदार शाखा मेलबर्नला आहे आणि तिच्या बैठका आमच्या स्वयंपाकघरात भरतात.

शाखेचे कायमचे सभासद दोन. एक माझी मुलगी, ती इथलीच. दुसरा माझा भाचा. तो साताऱ्याहून पुढच्या शिक्षणाला आला आणि पदवीच्या आधी गिटार घेऊन बसला. दोघांचं दैवत एक: किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड. हे नाव न अडखळता घेता आलं की निम्मी दीक्षा मिळाली. २०१० साली मेलबर्नात जमलेल्या मित्रांचा हा बँड. आळस कशाशी खातात हे या लोकांना ठाऊक नाही. २०१७ या एका वर्षात त्यांनी पाच अल्बम काढले. त्यातला पाचवा ३१ डिसेंबरला, गृहपाठाची वही घंटा होता होता बाईंच्या टेबलावर ठेवावी तसा.

पण अल्बम हा वादाचा विषयच नव्हे. वाद होतात ते प्रत्यक्ष कार्यक्रमांवरून. रोज रात्री या बँडची गाण्यांची यादी वेगळी. आज वाजलेलं उद्या वाजेलच असं नाही, आणि वाजलं तरी कालच्याइतकंच वाजेल याचा भरवसा नाही. 'द ड्रिपिंग टॅप' नावाचं त्यांचं गाणं अल्बमवरच अठरा मिनिटांचं आहे. रंगमंचावर ते कुठे वळणार हे बहुधा वाजवणाऱ्यांनाही वळल्यावरच कळत असावं. बांधेसूद, ठरीव कार्यक्रम करणाऱ्यांच्या चाहत्यांना बिचाऱ्यांना मागाहून बोलायला काय उरतं? दिवे छान होते आणि पार्किंग मिळालं नाही. इथे मात्र दोन वेगळ्या रात्री जाऊन आलेली माणसं आठवडाभर भांडू शकतात आणि एकाच रात्री गेलेली महिनाभर.

एकाच रात्रीवाल्यांचं भांडण जास्त पेटतं, हे मला घरबसल्या दिसतं. गेल्या खेपेचंच घ्या. मुलीचं म्हणणं, दुसऱ्या तासाला बँड थकला. भाच्याचं म्हणणं, दुसऱ्या तासालाच तर लागला! आता मुलगी उंचीने आईवर गेलेली. ऑस्ट्रेलियन गर्दीत तिच्या वाट्याला समोरच्याची पाठ येते आणि त्या पाठीवर छापलेली कुठल्यातरी जुन्या दौऱ्यातल्या गावांची यादी. ती यादी पाठ होईपर्यंत तिने गाणं ऐकलं. भाचा पुढे घुसणाऱ्यांतला. पुढे म्हणजे जिथे माणसं एकमेकांवर आपटतात, आणि कुणी पडला तर तीच माणसं त्याला काखेत हात घालून उचलतात. तिथे कुणी थकत नाही, कारण थकलेल्यालाही गर्दीच उभं धरते. अशा दोघांनी एकच कार्यक्रम ऐकला असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?

बरं, पुरावा नाही म्हणावं तर पुरावा ढिगाने आहे. २०१७ च्या त्या पाचांतला 'पॉलिगोंडवानालँड' हा अल्बम बँडने सरळ फुकट सोडला: घ्या, ज्याला तबकडी काढायची त्याने काढा, विकायची तर विका. पुढे प्रत्यक्ष कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणंही अशीच चाहत्यांच्या हवाली केली. अट इतकीच की काढलेल्या काही प्रती आम्हालाही पाठवा. २०२४ च्या अमेरिकेच्या दौऱ्यातले कार्यक्रम तर यूट्यूबवर थेट दाखवले. एवढं सगळं चव्हाट्यावर आल्यावर वाद मिटायला हवेत. आमच्याकडे ते रेकॉर्डिंग हाती आल्यावर रंगतात.

ओट्यावर फोन उभा करून ठेवलेला. भाचा म्हणतो, "हां, आता ऐक. इथे ड्रम थांबला आणि त्याने परत धरला, ते."

"थांबला नाही रे. तुझ्या बाजूला कुणीतरी ग्लास पाडला आणि तू तिकडे बघितलंस."

रेकॉर्डिंग तीनदा मागे नेऊन ऐकलं. त्यात ड्रम थांबलेला नव्हता आणि ग्लासही पडलेला नव्हता. मध्येच कुकरची शिट्टी झाली, तेवढी दोघांनी एकमताने मान्य केली. "फोनच्या स्पीकरवर हे कळायचंच नाही," असं म्हणून भाच्याने फोन खिशात घातला आणि पुरावाच बाद केला. मला त्याचं पटतं. रेकॉर्डिंगमध्ये काय वाजलं ते येतं. आपण कुठे उभे होतो, कुणाचं कोपर लागत होतं आणि शेवटची ट्रेन किती वाजताची होती, हे येत नाही. चाहते वाद घालतात तो नेमका या न आलेल्या भागावर.

डिसेंबरात माझे सासरे आले. आप्पांची पंचाहत्तरी कधीच उलटली आहे; मुक्काम नारायण पेठ. मुलीला आणि नातीला भेटायचा आनंद होताच, पण डिसेंबरात पुणं सोडावं लागलं याची सल त्याहून किंचित मोठी होती. कारण सवाई. १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या त्या महोत्सवाचा मान आप्पांच्या घरी गणपतीच्या खालोखाल. रमणबागेतल्या रात्रभराच्या बैठका त्यांनी शाल, थर्मास आणि शेंगदाण्याच्या लाडवांसह साजऱ्या केल्या आहेत. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. "सवाईला भारतीय बैठक घेता की खुर्ची?" असं विचारलं.

पहिले दोन दिवस ते मुलांची भांडणं नुसती ऐकत होते. तिसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "किती वेळ वाजवलं म्हणालात?"

"एक गाणं अठरा मिनिटं, आजोबा! त्या रात्री तर जास्तच."

"अठरा? म्हणजे विलंबित अजून मुरलंही नाही. कशावर आहे गाणं?"

"ड्रिपिंग टॅप. म्हणजे गळका नळ."

"आमच्या वाड्यातला जन्मभर गळत होता. कुणाला गावंसं वाटलं नाही."

तरीही ते सरसावून बसले. भाच्याला जोर आला. त्याने 'फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना' हा अल्बम लावला आणि समजावून सांगितलं, की स्टू मॅकेन्झी या त्यांच्या म्होरक्याला तुर्की बाग्लामाचा नाद लागला, मग त्याने गिटारवर जादा पडदे बसवून घेतले आणि सप्तकाचे बाराऐवजी चोवीस भाग केले. बाकीच्यांनाही मग आपापली वाद्यं तशी करून घ्यावी लागली. आप्पांनी डोळे मिटले. दोन गाणी होईपर्यंत उघडले नाहीत. मग म्हणाले, "बावीस पुरल्या असत्या. पण मुलं विचार करणारी आहेत." त्यानंतर श्रुती, हार्मोनियमच्या पट्ट्या, आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दाराबाहेर कसं उभं केलं होतं, यावर एक तास. एरवी जेवतानाही फोन खाली न ठेवणारा भाचा तोंड उघडं टाकून ऐकत होता. "म्हणजे आजोबा, एका वाद्यावरून तीस वर्षं भांडण?" त्याच्या आवाजात असूया होती.

बँड स्वतःच रेकॉर्डिंग वाटतो हे मात्र आप्पांच्या पचनी पडेना. त्यांच्या गोदरेजच्या कपाटात खासगी मैफलींच्या कॅसेट आहेत. त्यातली प्रत्येक 'पुढे कुणाला द्यायची नाही' या शपथेवर मिळालेली. त्याच कॅसेट त्याच शपथेवर निम्म्या पेठेच्या कपाटांत आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याची वाच्यता करायची नसते. केसरबाई केरकरांना तर ध्वनिमुद्रणाचं आणि रेडिओचं वावडंच होतं; आणि त्यांचीच भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीत बसून सूर्यमालेबाहेर जायला निघाली. "आता तिथे कुणी ऐकली," आप्पा म्हणाले, "तर त्यांना वाटेल केसरबाई म्हणजे साडेतीन मिनिटं. त्यांना काय माहीत प्रत्यक्षात काय होतं ते!" परग्रहावरच्या श्रोत्यांनाही त्यांनी 'तुम्ही नव्हतात' या यादीत घातलं. मुलगी भारावून गेली.

आमचे पलीकडचे शेजारी मूळचे ब्रिस्बेनचे, नळजोडणीच्या धंद्यातून निवृत्त झालेले. त्यांचा बँड द गो-बिटवीन्स. रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन या दोन विद्यापीठातल्या पोरांनी १९७७ साली काढलेला. जाणकारांनी डोक्यावर घेतला, खपाच्या यादीने कधी फारसं विचारलं नाही. मॅक्लेनन २००६ मध्ये गेला. २०१० मध्ये ब्रिस्बेन नदीवर नवा पूल झाला त्याला लोकांनी या बँडचं नाव दिलं. आपण गायकनटाच्या नावाने रंगमंदिर बांधतो; त्यांनी पूल बांधला आणि टोल लावला. शेजाऱ्यांचं म्हणणं, त्यांनी ज्या रात्री हा बँड ऐकला तेव्हा खोलीत मोजकी टाळकी होती, गिटार नीट लागलेली नव्हती, आणि त्याहून चांगलं त्यांनी आयुष्यात काही ऐकलं नाही. आता मात्र ब्रिस्बेनमध्ये एका विशिष्ट वयाचा जो भेटेल तो त्या खोलीत होता म्हणे. "अशांकडून पुलावर दुप्पट टोल घ्यावा," असं ते कुंपणावरून गंभीरपणे सांगतात. आप्पांना हा माणूस फार आवडला. दोघांना एकमेकांचं इंग्रजी जेमतेम कळत होतं, पण मान कुठे डोलवायची हे बरोबर कळत होतं.

मेरेडिथची गोष्ट निघाली ती जेवताना. जिलाँग आणि बॅलरॅट या गावांच्या मध्ये, मेरेडिथजवळच्या एका शेतावर १९९१ मध्ये मित्रमंडळींची वर्षअखेरची मेजवानी म्हणून सुरू झालेला हा महोत्सव. दरवर्षी डिसेंबरात भरतो, म्हणजे सवाईच्याच सुमाराला. तंबू आपला, खाणंपिणं हवं तर आपलं, आणि रंगमंच एकच. त्यामुळे "मी तिकडे होतो, माझं इकडचं राहिलं" ही सबब नाही. सगळ्यांनी सगळं ऐकायचं. तिकिटं सोडतीने. आणि तिथली रीत अशी, की ज्याचं गाणं या खेपेचं सर्वांत सरस वाटलं त्याच्यासाठी पायातला बूट काढायचा आणि हात ताठ करून डोक्यावर धरायचा.

आप्पांचा घास हातातच राहिला. आपल्याकडे रंगमंचाच्या दिशेने पादत्राण उचललं जायचं त्यामागची भावना वेगळी.

"फेकत नाहीत ना?"

"नाही हो आजोबा. नुसता धरतात."

हा बूट म्हणजे मोठा धर्मसंकटाचा मामला आहे. बूट खऱ्या अर्थाने एकालाच द्यायचा. शुक्रवारी रात्री भरात येऊन देऊन बसलात आणि रविवारी दुपारी कुणी त्याहून भारी निघाला, तर? भाच्याने एकदा शुक्रवारी डावा धरला आणि शनिवारी उजवा. हे नियमात बसतं की नाही यावर त्याच्या मित्रांत दोन तट पडले ते अजून एकत्र आलेले नाहीत. मुलीने एकीला बूट दिला ती आपल्या आवडीची म्हणून नव्हे, तर तिच्यासाठी कुणीच धरला नाही म्हणून. त्यावर भाच्याचं म्हणणं, ही दया झाली, दाद नव्हे. आणि मुलीच्या वर्गातला एक मुलगा तिन्ही दिवस बुटाची नाडी सोडून बसला होता, पण शेवटपर्यंत त्याने तो कुणालाच दिला नाही. घरी जाताना म्हणाला, सगळे चांगले होते, पण बूट काढावा असं काही झालं नाही.

"हा आपला माणूस," आप्पा म्हणाले. "कुठला आहे?"

"बॅलरॅटचा."

"असेना."

एवढं झाल्यावर त्यांना एकदा प्रत्यक्ष न्यायला हवं असं ठरलं. किंग गिझर्ड काही गावात नव्हते. मुलीला आवडणारी एक नवी गायिका तीन साथीदारांना घेऊन रिचमंडच्या कॉर्नर हॉटेलात वाजवणार होती, तिथे नेलं. कॉर्नर म्हणजे मेलबर्नच्या बँडवेड्यांचं जागृत देवस्थान. रेल्वे स्टेशनला लागून असलेला पब, मागे हॉल, आणि हॉलात ऐन मोक्याच्या जागी एक खांब. या खांबाला शिव्या दिल्याशिवाय इथल्या कुठल्याही कार्यक्रमाचं वर्णन पुरं होत नाही. आणखी एक ख्याती: अमेरिकेच्या द व्हाइट स्ट्राइप्सचा जॅक व्हाइट २००२ मध्ये इथे वाजवायला आला असताना कार्यक्रमाआधी आवाज तपासता तपासता त्याला गिटारवर एक तुकडा सुचला. तोच 'सेव्हन नेशन आर्मी'चा तुकडा, जो आता जगभरच्या फुटबॉलच्या मैदानांवर प्रेक्षक घसा फोडून गातात. म्हणजे या वास्तूतला सगळ्यांत गाजलेला क्षण घडला तेव्हा तिकीट काढलेला एकही श्रोता हजर नव्हता.

"हे उत्तम," आप्पा म्हणाले. "त्यावर तरी कुणाला फुशारकी मारता यायची नाही."

"मारतात, आजोबा. आधीच आत शिरलो होतो म्हणणारे भेटतात."

दारात आप्पांनी विचारलं, "दहाला बंद ना?" पुण्यात दहाच्या नियमाने रात्रीच्या मैफली गेल्या, ते दुःख त्यांच्या मनात ताजं आहे. मी सांगितलं, की इथे २०१० मध्ये एक जुना पब परवान्याच्या कटकटीने बंद पडला तेव्हा हजारो लोक मोर्चा घेऊन विधिमंडळावर गेले, आणि २०१४ पासून व्हिक्टोरियात नियम आहे: गाण्याच्या जागेशेजारी जो नवीन घरं बांधेल, आवाज अडवायची सोय त्यानेच करायची. आप्पा फुटपाथवर थांबले. "गाणं आधी होतं म्हणून?" एवढंच विचारलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आत मात्र खूश. कानटोपी, कानात घरून आणलेले कापसाचे बोळे. हिरव्या केसांच्या एका मुलीने कुठूनसं एक उंच स्टूल आणून दिलं. आप्पांनी ते नेऊन थेट खांबाला लावलं आणि पाठ टेकून बसले. सगळं मेलबर्न ज्या खांबाच्या नावाने बोटं मोडतं तो त्यांना परमभाग्य वाटला. मैफलीत खांबाची जागा मिळवायला रमणबागेत दुपारपासून माणूस बसवून ठेवावा लागे.

गायिकेची पहिली काही गाणी दणक्यात गेली. मग एक संथ गाणं आलं. तिने एका ओळीच्या शेवटी स्वर असा काही हलकेच सोडला, की साथीदारही क्षणभर थांबले. इथले श्रोते अशा वेळी गप्प राहतात, टाळ्या सगळ्या शेवटी. त्या शांततेत खांबामागून स्वच्छ नारायणपेठी आवाजात आलं, "वा!"

गायिकेने चमकून वर पाहिलं. हसली. आणि गाणं पुढे गेलं.

परतताना ट्रेनमध्ये मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमच्या 'वा'मुळे ती पुढची ओळ विसरली." भाचा म्हणाला, "वेडी आहेस का, त्या 'वा'मुळेच तिने तीच ओळ पुन्हा घेतली." आप्पा म्हणाले, "ओळीचं मला माहीत नाही, इंग्रजी होती. पण जागा तिने मुद्दाम घेतली आणि दाद आल्यावर मान लववली." मी तिथेच होतो. माझ्या मते ती फक्त हसली. पण माझ्या मताला या बैठकीत मताधिकार नाही.

आप्पा पुण्याला परत गेले. पहिल्या आठवड्यात फोनवर कळलं की त्यांनी कट्ट्यावर हा प्रसंग सांगितला आहे. दुसऱ्या आठवड्यात त्यात वन्स मोअर आला होता. तिसऱ्या आठवड्यात गायिका कार्यक्रमानंतर खांबापाशी येऊन नमस्कार करून गेली होती, आणि कट्ट्यावरचे एक गृहस्थ, जे यंदाच्या सवाईच्या दुसऱ्या दिवसाबद्दल सगळ्यांना जळवत होते, ते म्हणे आता जरा कमी बोलतात. मुलीने दुरुस्ती करायचा प्रयत्न केला. "अगं, तू पुढे होतीस," आप्पांनी तिला समजावलं, "तुला मागचं कसं दिसणार?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, हा मुद्दा ती स्वतः भाच्याविरुद्ध कित्येकदा वापरून बसली आहे.

परवा त्यांचा फोन आला तेव्हा भाचा मेरेडिथच्या सोडतीचा अर्ज भरत बसला होता. आप्पांनी आपलंही नाव घालायला सांगितलं. सवाईचं काय, असं बायकोने विचारलं, तर म्हणाले, तारखा बघू. मग भाच्याला फोन द्यायला लावला.

"नाव घाल, पण आधी तिथे विचारून घे, कोल्हापुरी चालते का. बूट घालून गाण्याला बसायची मला सवय नाही."